शेवटचे दोन आठवडे कापण्याआधी: नाउकास्टसाठी डेटा तयार करताना उशिराचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर गोव्यातल्या डेंग्यूची लाइनलिस्ट, म्हणजे एका केसला एक ओळ अशी यादी, हाताशी आहे. तिच्यात ताप सुरू झाल्याची, सॅम्पल घेतल्याची आणि रिपोर्ट आल्याची अशा तीन तारखा आहेत. आलेख काढला की शेवटचे दोन आठवडे कायम उतरलेले दिसतात, आणि बैठकीत कुणीतरी विचारतंच, "काय, डेंग्यू आटोक्यात आला का?" मग ते दोन आठवडे कापून टाकावेत का? आणि नाउकास्ट करायचा झाला तर डेटा कसा तयार करायचा?

कापू नका. आलेखात ते फिक्या रंगात दाखवा, वर "अपूर्ण" असं लिहा, पण डेटातून काढू नका. त्या आठवड्यांत आलेल्या केसेस खऱ्याच आहेत, फक्त सगळ्या आलेल्या नाहीत. किती आल्या आणि किती अजून वाटेत असतील, याचा हिशेब जुन्या उशिरांवरून मांडणं म्हणजेच नाउकास्ट. पुढच्या आठवड्याचं भाकीत इथे कुणी करत नाही. होऊन गेलेल्या पण अजून कागदावर न आलेल्या केसेस मोजायच्या असतात. दोन आठवडे सोडून देणं परवडतही नाही. पावसाळी उबेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुम्ही दोन आठवडे थांबलात तर डासांची एक पिढी तुमच्या नजरेआडून निघून गेली.

या कामात मॉडेलपेक्षा तयारीलाच जास्त वेळ लागतो. तयारीत सर्वात मोठा घोळ होतो तो असा की डेटा "साफ" करण्याच्या नादात आपण उशीरच पुसून टाकतो. नाउकास्टचा कच्चा माल उशीर हाच आहे. तो गेला की उरलेल्या फाइलवर कितीही भारी सॉफ्टवेअर पॅकेज चालवा, काही हाती लागत नाही.

आधी उशीर कुठेकुठे लागतो ते बघा. वाळपईच्या आसपासच्या एखाद्या गावातला माणूस घ्या. सोमवारी ताप आला. दोन दिवस पॅरासिटामॉलवर निघाले. मग जवळच्या खाजगी डॉक्टरकडे गेला, तिथे झटपट होणारी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबात कार्ड टेस्ट म्हणजे नुसता संभाव्य डेंग्यू. खात्रीचा म्हणून तो लॅबमधल्या एलायझा या रक्ततपासणीनंतरच मोजला जातो. म्हणजे पुन्हा सॅम्पल, ते सेंटिनल लॅबकडे (सरकारने या तपासणीसाठी नेमलेल्या लॅबकडे), तिथे इतर सॅम्पलबरोबर प्लेटवर लागणार, मग रिपोर्ट, मग पोर्टलवर नोंद. या प्रत्येक पायरीला स्वतंत्र उशीर आहे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. पहिला उशीर रुग्णाच्या सवयीचा, दुसरा वाहतुकीचा, तिसरा लॅबचा, चौथा डेटा एंट्री करणाऱ्याच्या टेबलावरच्या ढिगाचा. सगळ्यांची बेरीज करून "सरासरी उशीर नऊ दिवस" असं म्हटलं की यातला कुठला तुकडा बदलला हे पुढे कधीच कळत नाही. म्हणून तारखा जेवढ्या मिळतील तेवढ्या ठेवा. मॉडेलला दोनच लागतात, पण तपासायला तुम्हाला सगळ्या लागतील.

यातला लॅबचा तुकडा मुद्दाम बघण्यासारखा आहे. एलायझाची प्लेट ९६ खाचांची असते. चार सॅम्पलसाठी ती कुणी लावत नाही. हंगाम मंदावलेला असताना सॅम्पल जमेपर्यंत वाट बघावी लागते, म्हणजे केसेस कमी तेव्हा उशीर जास्त. पावसाळ्यात प्लेट रोज लागते, उशीर घटतो. मग ऐन भरात सॅम्पल एवढे येतात की लॅबची क्षमताच संपते, आणि उशीर पुन्हा वाढतो. उशीर आणि साथीचा जोर असे एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून मार्च-एप्रिलमधल्या उशिरांवरून ऑगस्टचा नाउकास्ट काढणं धोक्याचं. उशिराचं वितरण, म्हणजे किती केसेसना किती उशीर लागतो ते, अलीकडच्या आठ-दहा आठवड्यांवरून काढा आणि दर आठवड्याला ते सरकू द्या. त्याहून मागे जायचं तर मागच्या वर्षीचे तेच महिने घ्या.

आता नाउकास्टची खरी मेख. ती आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. समजा १०० केसेसपैकी ३० त्याच आठवड्यात नोंदल्या जातात, ४० पुढच्या, २० त्याच्या पुढच्या आणि १० चौथ्या आठवड्यात. समजा साथ दर आठवड्याला दुप्पट होतेय, आणि खऱ्या केसेस १००, २००, ४००, ८०० अशा आहेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तुमच्या फाइलमध्ये काय असेल?

पहिला आठवडा: ३०, ४०, २०, १०
दुसरा आठवडा: ६०, ८०, ४०, अजून यायचं
तिसरा आठवडा: १२०, १६०, अजून यायचं, अजून यायचं
चौथा आठवडा: २४०, अजून यायचं, अजून यायचं, अजून यायचं

यालाच रिपोर्टिंगचा त्रिकोण म्हणतात. फाइलमध्ये एकूण ८०० केसेस आहेत. बहुतेक जण इथे सरळ उशिराचा हिस्टोग्राम, म्हणजे किती उशिराच्या किती केसेस याचा स्तंभालेख, काढतात. शून्य उशिराच्या ४५०, एक आठवड्याच्या २८०, दोनच्या ६०, तीनच्या १०. म्हणजे "५६ टक्के केसेस त्याच आठवड्यात येतात." खरा आकडा ३० टक्के आहे. या ५६ टक्क्यांनी चौथ्या आठवड्याच्या २४० ला भागलं तर अंदाज येतो ४२७. खऱ्या केसेस ८००. साथ जितक्या वेगाने वाढते तितका हा हिस्टोग्राम जास्त खोटं बोलतो, कारण नव्या केसेसपैकी ज्या लवकर आल्या त्याच तुम्हाला दिसताहेत. ज्यांना उशीर होणार आहे त्या अजून फाइलमध्येच नाहीत. साथ उतरताना उलटं होतं. संख्याशास्त्रात याला राइट ट्रंकेशन म्हणतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक टप्प्याचं गुणोत्तर फक्त अशा आठवड्यांवरून काढायचं ज्यांनी तो टप्पा पुरता पाहिलाय. शून्य उशिरावरून एक आठवड्यावर जाताना पहिले तीन आठवडे घ्या: २१० चे ४९० झाले, म्हणजे २.३३ पट. एकवरून दोनवर जाताना पहिले दोन आठवडे: २१० चे २७०, म्हणजे १.२९ पट. दोनवरून तीनवर पहिलाच आठवडा: ९० चे १००, १.११ पट. तिघांचा गुणाकार ३.३३. चौथ्या आठवड्याचे २४० गुणिले ३.३३, म्हणजे ८००. विमा कंपन्या अजून न आलेल्या दाव्यांसाठी फार पूर्वीपासून हेच करतात. त्यांच्याकडे याला चेन लॅडर म्हणतात. हा हिशेब आधी एक्सेलमध्ये हाताने करा. तो जमला नाही तर पॅकेज काय करतंय हेही कळणार नाही.

त्या त्रिकोणातल्या "अजून यायचं" या खान्यांकडे नीट बघा. पिव्हट टेबलमध्ये ते रिकामे दिसतात, आणि कुणीतरी आलेख नीट निघावा म्हणून तिथे शून्य भरतं. झालं. मॉडेल समजतं की चौथ्या आठवड्याची एकही केस उशिरा आली नाही. उलटही घडतं: एखाद्या आठवड्यात काणकोणमधून खरोखर एकही केस आलेली नसते, तिथे शून्य हवा असतो, पण लाइनलिस्टमध्ये ओळच नसल्यामुळे तो आठवडा गाळला जातो. म्हणून आधी सगळ्या तारखा आणि सगळे उशीर यांची पूर्ण जाळी तयार करा. भरलेले आणि "अजून यायचं" खाने वेगळे करणाऱ्या कर्णाच्या वरच्या बाजूला जिथे केस नाही तिथे शून्य, खालच्या बाजूला "माहीत नाही". माझ्याकडे तपासायला येणाऱ्या फाइलींत सगळ्यात जास्त गडबड इथेच सापडते.

आठवड्याचा काटाही आधी ठरवून घ्या. आयडीएसपीचा, म्हणजे केंद्राच्या रोग-सर्वेक्षण कार्यक्रमाचा, आठवडा सोमवार ते रविवार. काही सॉफ्टवेअर आपण होऊन रविवारपासून सुरू करतात. तापाची तारीख एका पद्धतीने आणि रिपोर्टची दुसऱ्या पद्धतीने आठवड्यात टाकली तर शून्य उशिराच्या रकान्यात भलत्याच केसेस येऊन बसतात. आणि नाउकास्ट नेहमी एकाच वारी चालवा. या आठवड्यात बुधवारी आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी फाइल ओढलीत तर चालू आठवड्याचा रकाना एकदा अर्धा आणि एकदा पाऊण भरलेला असणार, आणि ती तुलनाच फसवी. जुनी साप्ताहिक फॉर्मची आकडेवारी आणि २०२१ पासून आयएचआयपी या केंद्राच्या आरोग्य-माहिती पोर्टलवर रोजच्या रोज होणारी नोंद एकाच वितरणात मिसळू नका. यंत्रणा बदलली की उशीर बदलतो. त्या तारखेला डेटाचे दोन तुकडे करा.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. पोर्टलवरून किंवा लॅबकडून आलेली फाइल रोज ठरलेल्या वेळी उतरवून घ्या, नावात तारीख घाला, आणि नंतर तिच्यात काहीही बदलू नका, वाचण्यापुरतीच ठेवा. कालची फाइल आजच्या फाइलने कधीही ओव्हरराइट करू नका. "आज तर सगळं ताजं आहे, जुनी कशाला?" असं वाटतं, पण नाउकास्टला त्या त्या दिवशी काय माहीत होतं तेच हवं असतं. दोन दिवसांच्या फाइलींची वजाबाकी केली की कुठल्या तापाच्या तारखेच्या किती केसेस नव्याने आल्या ते आपोआप कळतं, मग रिपोर्टच्या तारखेचा रकाना नसला तरी चालतं. अशा जुन्या प्रती नसतील तर पोर्टलवरच्या नोंदीची वेळ वापरावी लागते. तिथे "पहिल्यांदा नोंदलं" आणि "शेवटचं बदललं" यातला फरक बघा. बऱ्याच एक्सपोर्टमध्ये दुसरीच वेळ मिळते. कुणी तीन महिन्यांनी पत्ता दुरुस्त केला की त्या केसचा उशीर तीन महिन्यांचा दिसतो.

डुप्लिकेट काढतानाही हाच धोका. एकाच रुग्णाचा एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) आधी निगेटिव्ह आला, मग सहाव्या-सातव्या दिवशी आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला, पुढे तो बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखल झाला आणि तिथे पुन्हा सॅम्पल गेलं. तीन ओळी, एक माणूस. त्या ओळी एकत्र करताना तापाची सर्वात जुनी तारीख ठेवा, आणि रिपोर्टची तारीख म्हणून ज्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा "पॉझिटिव्ह" या व्याख्येत बसला तो दिवस ठेवा. एक्सेलचं "रिमूव्ह डुप्लिकेट्स" यादीतली वरची ओळ ठेवतं. यादी उलटी लावलेली असेल तर नेमका शेवटचा रिपोर्ट राहतो आणि उशीर फुगतो. नाव, वय, गाव यांवर जुळवणी करताना म्हापशातला एकच आडनावाचा अख्खा वाडा एकत्र होऊ नये एवढीही काळजी घ्या.

एनएस१ आणि आयजीएम वेगळे ठेवायचे की नाही, हा खरा निर्णयाचा मुद्दा आहे. एनएस१ तापाच्या पहिल्या पाच दिवसांत करायची, आयजीएम त्यानंतर. म्हणजे तापापासून सॅम्पलपर्यंतचा उशीर दोघांत मुळातच वेगळा. किट संपल्यामुळे आठवडाभर फक्त आयजीएम झाली तर एकूण उशीर लांबल्यासारखा दिसेल आणि मॉडेल नसलेल्या केसेस वाढवून सांगेल. संख्या पुरेशी असेल तर दोघांचे त्रिकोण वेगळे करा. नसेल तर निदान दर आठवड्याचं प्रमाण एका रकान्यात लिहून ठेवा, म्हणजे आलेख अचानक उडाला की कारण शोधता येईल.

कुठल्या तारखेचा नाउकास्ट? पुस्तकी उत्तर तापाच्या तारखेचा, कारण संसर्गाला तीच सर्वात जवळ. पण ती तारीख कशी भरली जाते ते बघा. अनेक केसेसमध्ये लॅबच्या फॉर्मवर ती कोरीच असते. पुढे हेल्थ वर्कर घरी जातो, साठलेलं पाणी तपासतो, तेव्हा विचारून ती भरतो. म्हणजे तापाची तारीख असणं हेच मुळी उशिराशी बांधलेलं आहे: ज्या केसेस जुन्या त्यांची तारीख भरलेली, ताज्यांची कोरी. कोरी तारीख असलेल्या ओळी उडवल्या की शेवटचे आठवडे आणखीच खाली जातात, आणि नाउकास्टला ते कळत नाही. अशा ओळी ठेवा. सॅम्पलची तारीख असतेच. पूर्ण नोंदींवरून ताप ते सॅम्पल या अंतराचं वितरण काढा आणि कोऱ्या तारखा त्यातून भरा, एकदाच सरासरी टाकून नव्हे तर अनेक वेळा नमुने काढून, म्हणजे अनिश्चितता पुढच्या हिशेबात उतरते. एपिनाऊकास्टसारख्या पॅकेजमध्ये कोऱ्या तारखांची सोय आतच आहे. पण माझा सल्ला विचाराल तर कोऱ्या तारखा फार असतील तेव्हा सॅम्पलच्या तारखेचा नाउकास्ट करा. तो जैविक दृष्ट्या थोडा मागे असतो, पण प्रामाणिक असतो, आणि कुठल्या भागात फवारणीची टीम पाठवायची एवढ्या निर्णयाला पुरतो.

भरलेल्या तारखांवरही डोळे झाकून विश्वास नको. हिस्टोग्राम काढा आणि उंचवटे बघा. रुग्ण "दोन-तीन दिवस" किंवा "आठ दिवस" असं गोल सांगतो, त्यामुळे ठरावीक आकड्यांवर गर्दी होते. ती चालते, तिला हात लावू नका. शून्यावर अवाजवी उंचवटा असेल तर फॉर्म उघडताच आजची तारीख आपोआप येते का ते तपासा. महिन्याच्या १ तारखेला किंवा १५ तारखेला गर्दी असेल तर कुणीतरी अंदाजे भरलंय. उणे उशीर, म्हणजे तापाच्या आधी सॅम्पल, दिसले की लगेच ओळ उडवू नका. बहुतेकदा दिवस आणि महिना उलटलेला असतो. ३ जुलैचं एक्सेलने ७ मार्च केलेलं असतं. ही उलथापालथ १२ तारखेपर्यंतच्या दिवसांतच होते. १३ पासून पुढच्या तारखा एक्सेलला ओळखता येत नाहीत आणि तो त्यांना मजकूर म्हणून खान्यात डावीकडे चिकटवतो. रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं, उजवीकडच्यातही निम्म्याअधिक उलट्या असू शकतात. लॅबकडून फाइल मागतानाच वर्ष-महिना-दिवस या क्रमात मागा. एक्सेलवर फार भिस्त ठेवू नये याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे: २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातल्या १५,८४१ कोविड केसेस रोजच्या आकड्यांतून गळाल्या, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पलीकडे ओळी मावत नाहीत.

सुट्ट्यांचं काय? रविवारी ओपीडी बंद, सोमवारी नोंदी दुप्पट, हे सगळ्यांना माहीत असतं. गोव्यात खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, होते. नेमकी डेंग्यूच्या हंगामात येते, वास्को-पणजीतली माणसं गावच्या घरी जातात, कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे सात. ताप आला तरी विसर्जन होईपर्यंत अंगावर काढतात. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि त्या सोडवून घ्याव्या लागतात. नोंद करणारा सुट्टीवर असणं हा रिपोर्टच्या तारखेचा परिणाम आहे: त्या दिवशी कुठल्याही उशिराच्या केसेस नोंदल्या जात नाहीत. म्हणून मॉडेलमध्ये तो रिपोर्टच्या तारखेला जोडा, आणि कॅलेंडरमध्ये चवथीचे दिवस रविवार म्हणून टाका. रुग्णच उशिरा येणं हा मात्र तापापासून सॅम्पलपर्यंतच्या अंतराचा परिणाम आहे, तो त्या आठवड्यात ताप आलेल्यांपुरता लांबतो. सॅम्पलची तारीख ठेवलेली असेल तरच हे दोन वेगळे करता येतात. पत्त्याचा घोळ वेगळाच: राहतो वास्कोत, फॉर्मवर गाव पेडण्यातलं. माकडतापाचं (गोचिडींमुळे पसरणाऱ्या केएफडीचं) काम करणाऱ्यांनी कॅलेंडर वेगळं करावं. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, कार्निव्हल, शिमगो हे सगळं मध्ये येतं.

पत्त्याचा विषय निघाला म्हणून: गोमेकॉत सिंधुदुर्गातून, दोडामार्ग-सावंतवाडीकडून बरेच रुग्ण येतात. त्यांना यादीतून काढायचं की ठेवायचं हे आधी ठरवा आणि मग बदलू नका. पत्ता पडताळून "बाहेरचा" असा शेरा चार दिवसांनी पडत असेल तर ती केस आधी मोजली जाते आणि मग कमी होते. त्रिकोणात उणे आकडा येतो.

उणे आकडे इतर कारणांनीही येतात: संभाव्य म्हणून धरलेली केस एलायझात निगेटिव्ह निघाली, डुप्लिकेट सापडला. बहुतेक मॉडेलांना उणे आकडा चालत नाही. लाइनलिस्ट असेल तर सर्वात बरा मार्ग म्हणजे संभाव्य आणि खात्रीच्या केसेसचे नाउकास्ट वेगळे करणं, आणि खात्रीच्या केसची रिपोर्टची तारीख म्हणून खात्री झालेला दिवस धरणं. नुसत्या बेरजा असतील तर उणे आकडा त्याच आठवड्याच्या आधीच्या उशिरांच्या रकान्यांतून वजा करत मागे न्या, एकूण बेरीज मात्र तीच राहू द्या. उणेच्या जागी शून्य टाकून मोकळं होऊ नका. त्याने बेरीज फुगते आणि दर आठवड्याला अंदाज थोडा थोडा जास्त येत राहतो.

मग येतात गठ्ठे. एखादं खाजगी हॉस्पिटल महिनाभराचे फॉर्म एकदम पाठवतं. मोठ्या पातळीवर हे कसं दिसतं ते आपण २०२१ मध्ये पाहिलं: ९ जून रोजी बिहारने पडताळणीनंतर ३,९५१ जुने कोविड मृत्यू एकदम यादीत घातले, आणि दुसऱ्या दिवशी देशाचा मृत्यूंचा आकडा ६,१४८ दिसला. त्या दिवशी तेवढी माणसं गेली नव्हती. अशा गठ्ठ्यातल्या केसेस त्यांच्या खऱ्या तारखेला ठेवा, पण उशिराचं वितरण काढताना त्या बाजूला काढा, नाहीतर पुढचे कित्येक आठवडे मॉडेल अशाच आणखी गठ्ठ्याची वाट बघत राहील. गठ्ठा ओळखायला एक रकाना पुरे: नोंद कुणाकडून आली. एकाच ठिकाणाहून एकाच दिवशी नेहमीच्या कितीतरी पट नोंदी आल्या की फोन करून विचारा.

जास्तीत जास्त किती उशीर धरायचा? जुन्या, पुरत्या झालेल्या आठवड्यांत बघा की ९५ ते ९८ टक्के केसेस किती आठवड्यांत आल्या. तिथे रेघ मारा. रेघेपलीकडच्या केसेस उशिराच्या हिशेबातून आणि नंतरच्या तुलनेतूनही काढा, एका ठिकाणी ठेवून दुसरीकडे काढू नका. फार लांबची रेघ मारली तर प्रत्येक रकान्यात एखाद-दुसरी केस उरते आणि गुणोत्तरं डळमळतात. गोव्यात हा प्रश्न लवकर येतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. प्राथमिक आरोग्य केंद्रागणिक त्रिकोण केलात तर बहुतेक खाने शून्याचे. शून्याला कितीही मोठ्या गुणोत्तराने गुणलं तरी शून्यच. आणि दहा टक्केच नोंदल्या गेलेल्या आठवड्यात दोन केसेस असल्या तर अंदाज वीस, तीन असल्या तर तीस. एका फॉर्मने दहाचा फरक. उशिराचं वितरण जिल्ह्याच्या पातळीवर काढा, तालुक्याचा आकडा त्यावरून वाढवा, आणि तालुक्याचा आकडा कधीही अनिश्चिततेच्या पट्ट्याशिवाय (कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका) दाखवू नका.

हे सगळं झाल्यावर मागे जाऊन तपासणी करा. जुन्या फाइली ठेवलेल्या असतील तर मागच्या ऑगस्टची एक फाइल उघडा, त्या दिवशीचा नाउकास्ट चालवा आणि आज पूर्ण झालेल्या आकड्यांशी पडताळा. असे निदान पंधरा-वीस आठवडे करा, चवथीचा आठवडा धरून. ९० टक्क्यांचा पट्टा दहातल्या नऊ वेळा खरा आकडा पकडतो का ते बघा. सहाच वेळा पकडत असेल तर पट्टा अरुंद आहे, आणि त्याचं कारण बहुतेकदा उशीर बदलतो हे मॉडेलला सांगितलेलं नसतं. सगळे अंदाज एकाच बाजूला चुकत असतील तर मॉडेलकडे जाण्याआधी डेटाकडे परत या. शून्य आणि "माहीत नाही" यांचा खाना आधी तपासा.

एक गोष्ट बैठकीत आधीच सांगून ठेवा: नाउकास्ट उशिरा येणाऱ्या केसेस मोजतो, कधीच न येणाऱ्या नाही. जो माणूस तीन दिवस घरी काढून बरा झाला किंवा कार्ड टेस्टवरच थांबला, तो कुठल्याही त्रिकोणात नाही. हा फरक सांगितला नाही तर पट्ट्याचा वरचा आकडा "खरा डेंग्यू" म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात येतो.

सॉफ्टवेअरबद्दल थोडंच. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरत असाल तर नॉब्स हे पॅकेज सुरुवातीला सोपं आहे; उशीर आणि साथीचा आलेख दोन्ही एकत्र बसवतं, सरकत्या खिडकीवर चालवता येतं. सुट्ट्या, कोऱ्या तारखा, रिपोर्टच्या वाराचे परिणाम हवे असतील तर एपिनाऊकास्ट. सर्व्हेलन्स हे पॅकेज त्याहून जुनं. जर्मनीतल्या २०११ च्या ईएचईसी (ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार) साथीवर झालेलं नाउकास्टिंगचं काम त्यातल्या पद्धतींच्या मुळाशी आहे. ब्राझीलमध्ये इन्फोडेंग्यू ही डेंग्यूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा दर आठवड्याला डेंग्यूच्या ताज्या आकड्यांना अशीच उशिराची दुरुस्ती करून देते, त्यामुळे आपल्यासारख्या डेटावर हे चालतं का ही शंका नको.

आणि आठवड्याला चार-पाचच केसेस येत असतील तर पॅकेजच्या भानगडीत पडू नका. लॅबला फोन लावा आणि विचारा: तुमच्या भागातले किती सॅम्पल आलेत पण अजून लागलेले नाहीत, आणि गेल्या दोन आठवड्यांत शंभरातले किती पॉझिटिव्ह निघाले? ४० सॅम्पल रांगेत आणि पॉझिटिव्हिटी १५ टक्के असेल तर सहा केसेस वाटेत आहेत. हा आकडा दर सोमवारी एका वहीत लिहून ठेवा. पुढे मॉडेल लावलंत की त्याच्याशी ताडून बघायला हाच सर्वात उपयोगी पडेल.